गावच्या निवडणुकीत पहिल्यांदा उभे राहताय? नाशिक जिल्ह्यातल्या नव्या उमेदवारांसाठी

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की गावागावांत काही नवी मुलंमुली उभं राहायचं ठरवतात. कुणी सातपूर-अंबडच्या कंपनीत नोकरी करून गावाकडे परतलेलं असतं, कुणी बचत गटाचं काम करताना गावाच्या कारभाराकडे वळलेलं असतं. यांच्यातले बरेच जण चांगले सदस्य होऊ शकतील असे असतात. पण अर्ज भरण्याच्या आठवड्यातच त्यांची दमछाक होते.

मी निफाड तालुक्यातल्या एका गावातून सदस्यपदाची निवडणूक लढवली आहे. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या नव्या उमेदवारांना कागदपत्रांसाठी आणि यादी वाचण्यासाठी मदत करत आलो आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. नवा उमेदवार दोन ठिकाणी पडतो : तहसीलमध्ये छाननीच्या टेबलावर, आणि आपल्याच प्रभागाची मतदार यादी नीट न वाचल्यामुळे. प्रचार त्यानंतर येतो. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

१. आधी जागा समजून घ्या

आपल्या ग्रामपंचायतीत सदस्य किती आणि प्रभाग किती, इथून सुरुवात करा. लोकसंख्येनुसार सदस्यसंख्या ७ ते १७ असते. दीड हजार वस्तीपर्यंतच्या गावात ७, तीन हजारांपर्यंत ९, आणि पुढे चढत्या क्रमाने. प्रत्येक प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडून जातात. सात सदस्यांच्या गावात बहुधा तीन प्रभाग पडतात. म्हणजे एका प्रभागात तीनशे-साडेतीनशे मतदार असतात आणि निकाल दहा-पंधरा मतांवर फिरतो.

सरपंच थेट जनतेतून निवडला जातो. ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. याचा परिणाम नीट लक्षात घ्या. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसोबत आपल्या जिल्ह्यातल्या सहाशेहून अधिक गावांत निवडणुका झाल्या, तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला गेला होता आणि सरपंचपदाची आरक्षण सोडतही निकालानंतर निघाली होती. त्या गावांत तेव्हाचा हिशेब आता लागू पडत नाही. आता मतदार सरपंचाला वेगळं मत देतो आणि प्रभागातल्या सदस्यांना वेगळं.

आरक्षण दोन ठिकाणी पाहायचं. सरपंचपदाची सोडत तालुक्यावर निघते. प्रभागातल्या जागांचं आरक्षण गावात विशेष ग्रामसभा घेऊन काढतात. दोन्हीकडे निम्म्या जागा महिलांसाठी असतात. त्या ग्रामसभेला जातीने हजर राहा, कारण प्रभागाच्या हद्दीचा प्रारूप आराखडाही त्याच सुमारास प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. एखादी वस्ती मुद्दाम तोडून दुसऱ्या प्रभागात टाकली असेल, तर ती परत जोडून घ्यायची वेळ हीच. नंतर कितीही बोंब मारली तरी हद्द बदलत नाही.

पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, बागलाण, नाशिक या तालुक्यांतला काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) लागू आहे आणि सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच राखीव असतं. तिथल्या लढती कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर अशा समाजांमध्ये आणि पाड्यापाड्यांमध्ये होतात. दिंडोरी किंवा त्र्यंबकमध्ये शेजारची दोन गावं वेगवेगळ्या नियमांत असू शकतात, म्हणून पाहुण्यांच्या गावावरून आपल्या गावाचा अंदाज बांधू नका.

२. तुम्ही पात्र आहात का, हे घरी बसून तपासा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधली कलम १३ आणि १४ उमेदवाराने स्वतः वाचावीत. पुस्तक मराठीत मिळतं. वय २१ पूर्ण हवं आणि गावच्या यादीत नाव हवं. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा पुरावा हवा. हे सगळ्यांना माहीत असतं. अर्ज उडतात किंवा निवडून आल्यावर पद जातं ते पुढच्या गोष्टींमुळे.

अतिक्रमण. आपल्या भागात यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. गायरानावर, गावठाणाच्या सरकारी जागेवर किंवा रस्त्याच्या हद्दीत तुमचं घर, ओटा, गोठा, टपरी असेल तर सदस्यत्व रद्द होऊ शकतं. अतिक्रमण वडिलांच्या काळातलं असलं आणि नाव त्यांचं असलं तरी सुटका नाही. कुटुंब त्या जागेचा वापर करत असेल तर सदस्य अपात्र ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विरोधक निवडणुकीत गप्प बसतात आणि निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतात. म्हणून घराचा नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीतली नोंद) काढा, गरज वाटली तर मोजणी करून घ्या, आणि शंका असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला दाखवा.

थकबाकी. घरपट्टी, पाणीपट्टीचं मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर अपात्रता लागते. निवडणूक जाहीर झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा आजच भरा आणि पावती जपा. एकत्र कुटुंबात घर आजोबांच्या नावावर असतं. तिथली बाकीही मिटवून टाका.

दोन अपत्यांची अट. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उभं राहता येत नाही. दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीची नोंद, रेशनकार्ड सगळं कुणीतरी काढतंच. इथे लपवाछपवी करून अर्ज भरू नका.

ठेका. ग्रामपंचायतीच्या कामात तुमचा किंवा तुमच्या भागीदाराचा हिस्सा असेल, उदाहरणार्थ ट्रॅक्टर, टँकर किंवा मुरूम पुरवण्याचा, तर तो हिशेब अर्जाआधी पूर्ण संपवा आणि संपल्याचा कागद हातात ठेवा.

राखीव जागा. जातीचा दाखला असून भागत नाही, वैधता (पडताळणी समितीने दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र) लागते. वैधता हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र जोडावं लागतं. मुदतीत वैधता सादर केली नाही तर निवडून आलेलं पद जातं, मग तुम्ही शंभर मतांनी जिंकलेले का असेनात. अलीकडे ज्यांच्या घरात जुनी कुणबी नोंद सापडली, असे बरेच जण ओबीसी जागेवर उभे राहू लागले आहेत. नोंद सापडली, दाखला मिळाला आणि वैधता झाली, हे तीन वेगळे टप्पे आहेत. तिसरा टप्पा सुरू केल्याशिवाय त्या जागेचा विचार करू नका.

३. मतदार यादी विकत घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात मोलाचंही हेच आहे.

ग्रामपंचायतीसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतात. त्यामुळे त्या यादीत नाव नसेल तर ग्रामपंचायतीलाही मत देता येत नाही. नव्या नावासाठी नमुना ६, नाव कमी करण्यासाठी ७, दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी ८ हे अर्ज बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) किंवा ऑनलाइन भरायचे. निवडणूक आयोग एक ठरावीक तारीख धरून यादी उचलतो. त्या तारखेनंतर भरलेला अर्ज या निवडणुकीत कामाला येत नाही. म्हणून अठरा पूर्ण झालेली मुलं आणि लग्न होऊन गावात आलेल्या सुना यांची नावं सहा महिने आधीच लागायला हवीत.

प्रारूप यादी लागली की ती घेऊन घराघरांशी पडताळा. पुढच्या गोष्टी हमखास सापडतात :

- एकाच घरातले नवराबायको दोन वेगळ्या प्रभागांत
- मळ्यात राहणाऱ्यांची नावं गावठाणाच्या प्रभागात
- वारलेल्यांची आणि सासरी गेलेल्या मुलींची नावं तशीच
- बाहेरगावच्या पाहुण्यांची नावं गुपचूप घातलेली

चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांसाठी हरकत तहसील कार्यालयात लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून कुणी काही करत नाही. मुदत थोडी असते, त्यामुळे पडताळणी पहिल्याच दिवशी सुरू करा.

अंतिम यादी आली की तिची प्रत काढून प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा : कुठल्या भावकीतलं घर, राहायला कुठे (गावठाण, मळा, वस्ती की नाशिक शहर), घरात शब्द कुणाचा चालतो, आणि त्या घराशी तुमच्याकडून कोण बोलू शकेल. हे तुमच्या एकट्याने होणार नाही. एक म्हातारं माणूस, एक सून आणि एक कॉलेजचा मुलगा असे तिघं सोबत बसवा. म्हाताऱ्या माणसाला सोयरिकी माहीत असतात, सुनेला घरातल्या बायकांची मतं माहीत असतात, आणि मुलाला पुण्या-नाशिकला गेलेल्या पोरांचे नंबर.

४. आपलं गाव मत कसं देतं, ते ओळखा

विधानसभेला गाव ज्या पक्षामागे जातं, त्यावरून ग्रामपंचायतीचा अंदाज कधीच बांधू नका. ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. एकाच पक्षाचे दोन गट समोरासमोर उभे असतात आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे कार्यकर्ते एका पॅनलमध्ये, म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांच्या गटात, बसतात.

पहिली वीण भावकीची. एका आडनावाची साठ-सत्तर मतं एका प्रभागात असली की त्यांना वगळून कुणी निवडून येत नाही. पण भावकी एकगठ्ठा असते हा गैरसमज आहे. बांधाचा वाद, वाटणीची केस, विहिरीच्या पाण्याची पाळी, यांवरून भावकीत दोन फळ्या असतातच. समोरच्या पॅनलने एका फळीचा माणूस घेतला की दुसरी फळी आपोआप मोकळी होते. तुमच्या प्रभागात हे कुठे घडतंय ते पाहा. मात्र भांडण पेटवायला जाऊ नका. निवडणूक तीन आठवड्यांत संपते, भाऊबंदकी पुढच्या पिढीपर्यंत चालते.

दुसरी वीण सोसायटीची. विविध कार्यकारी सोसायटीचे संचालक कोण, कर्ज कुणाच्या सहीने मिळालं, यावर बागायती गावांतले गट उभे आहेत. नव्या माणसाला प्रश्न पडतो की सदस्यपदासाठी बाहेरचे पुढारी एवढा जीव का टाकतात. त्याचं एक कारण बाजार समितीत आहे. समितीच्या अठरा संचालकांपैकी अकरा सोसायटी गटातून आणि चार ग्रामपंचायत गटातून निवडले जातात, आणि त्या चारांना मत देतात ते गावोगावचे ग्रामपंचायत सदस्य. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतची बाजार समिती ज्याला हवी, त्याला तुमच्या प्रभागातला सदस्यही हवा असतो. तुम्हाला मदतीचा हात पुढे करणारा माणूस नेमकं काय मागतो आहे, हे यावरून समजतं.

तिसरी पाण्याची. पालखेड कालव्याच्या आवर्तनात (पाणी सोडण्याच्या पाळीत) शेवटच्या टोकाला पाणी पोहोचतं की नाही, यावर निफाड-येवल्याकडच्या कालव्याखालच्या गावांतली मनं ठरतात. चारीच्या वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांची मतं एकत्र पडणं कठीण. नांदगाव, चांदवड, येवल्याच्या अवर्षणी भागात उन्हाळ्यात टँकर आधी कुठल्या वस्तीवर आला, हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. सिन्नरच्या मुसळगाव-माळेगाव औद्योगिक वसाहतीच्या आसपास प्रश्न वेगळा : कंपनीत कामाला कुणी लावलं, कुणाची गाडी कंत्राटावर लागली.

चौथी वस्तीची. निफाड-दिंडोरीत द्राक्षबागांचे मालक मळ्यात राहायला गेले आणि गावठाणात मजूर, कारागीर, दुकानदार आणि दलित-आदिवासी वस्ती राहिली. मळ्यातल्या मतदाराला रस्ता आणि वीज हवी असते. गावठाणातल्या माणसाला गटार, घरकुल आणि नळ हवा असतो. दोन्हीकडे एकच भाषण चालत नाही. गावठाणाची मतं बागायतदार ‘वळवून घेतील’ असं पॅनलच्या बैठकीत सर्रास बोललं जातं. त्या वस्तीत तुम्ही स्वतः जा, ओट्यावर बसा, घरकुलाच्या यादीत नाव का अडलं ते समजून घ्या. पाच वर्षांत तिथे फक्त मत मागायला लोक आलेले असतात. त्यांचं ऐकून घेणं हे उमेदवाराचं कर्तव्य आहे, निवडून येवो न येवो.

पाचवी गोष्ट बायकांच्या मतांची. घरातला पुरुष ‘आमची सहा मतं तुमची’ असा शब्द देतो. ती सहा मतं सहा माणसांची असतात. बचत गट, अंगणवाडी, नळाच्या ओळीत उभं राहणं यातून बायकांचं स्वतःचं मत तयार झालेलं असतं, आणि माहेरच्या गावाकडून लागणारं नातंही असतं. उमेदवार बाई असेल तर हे अंतर आणखी वाढतं. म्हणून दारावर पुरुष भेटले की समाधान मानू नका. बायका घरी असतील अशा वेळी जा आणि तुमच्यासोबत बाईच असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं : मतं फुटतात, आणि ती फुटणारच. तीन जागांच्या प्रभागात मतदाराकडे सदस्यांसाठी तीन आणि सरपंचासाठी एक अशी चार मतं असतात. तो एक मत नात्याला देतो, एक ज्याने दवाखान्यात गाडी नेली त्याला, एक पॅनलला, आणि सरपंचाचं मत पूर्ण वेगळ्या विचाराने. त्यामुळे सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं गावोगावी घडतं. नव्या उमेदवाराच्या हे फायद्याचं आहे. समोरच्या पॅनलच्या पक्क्या घरातही तुम्ही मोकळेपणाने म्हणू शकता, ‘बाकीची मतं तुम्ही ठरवा, या जागेवरचं मला द्या.’ हे मागायला लाजू नका.

जात पंचायत किंवा पंच मंडळींनी ‘यालाच मत द्या, नाहीतर वाळीत टाकू’ असं सांगितलं, तर तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे. अशा घराच्या पाठीशी उभे राहा.

५. पॅनल की अपक्ष

पॅनल म्हणजे चिठ्ठ्या, बूथवरची माणसं, गाड्या आणि सरपंचपदाच्या उमेदवाराचा चेहरा. लहान गावात अपक्ष निवडून येतो, पण त्याच्यामागे भावकी तरी लागते किंवा वर्षानुवर्षांचं काम. पॅनलमध्ये जाणार असाल तर तीन गोष्टी आधीच चारचौघांत बोलून घ्या : खर्च कुणी किती करायचा, उपसरपंच कोण आणि किती काळ, आणि तुमच्या प्रभागातलं कुठलं काम आधी घ्यायचं. उपसरपंचपद ‘सव्वा-सव्वा वर्ष’ वाटून घेण्याचे शब्द दिले जातात. त्यांना कायद्यात आधार नाही, ते माणसाच्या शब्दावरच चालतात.

एकाच प्रभागात पॅनलने तुम्हाला मुद्दाम अवघड जागेवर उभं केलंय का, तेही यादी समोर ठेवून तपासा. गावच्या यादीत नाव असलं की तुम्ही त्या गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभे राहू शकता, मात्र जागेचं आरक्षण जुळलं पाहिजे.

६. ‘बिनविरोध करू’ म्हणून बोलावणं आलं तर

बिनविरोध निवडणुकीने भांडणं टळतात, खर्च वाचतो, आणि गावाने खरोखर एकत्र बसून ठरवलं असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण देवळात बसलेल्या दहा-बारा कारभाऱ्यांनी ठरवणं म्हणजे गावाने ठरवणं नव्हे. त्या बैठकीत बायका होत्या का, वस्तीवरचे लोक होते का, एवढं विचारा.

पैशांची बोली लागली तर तिथून उठा. देवळा तालुक्यातल्या उमराण्यात २०२० च्या डिसेंबरात मंदिराच्या नावाने दोन कोटी पाच लाखांची बोली लागली होती. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये त्या गावची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. पैसा देवळाला जातोय म्हणून लिलाव पवित्र होत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचा उभं राहण्याचा हक्क त्या बोलीत विकला जातो.

७. कागदपत्रांची फाइल

निवडणूक जाहीर होण्याआधी ही फाइल तयार हवी. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा.

- मतदार यादीतल्या तुमच्या नावाच्या पानाची प्रत (भाग आणि अनुक्रमांकासह)
- आधार आणि मतदार ओळखपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला, १९९५ नंतरचा जन्म असेल तर सातवीचं गुणपत्रक
- राखीव जागेसाठी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र किंवा समितीकडे केलेल्या अर्जाची पोच, आणि हमीपत्र
- अपत्यांबाबतचं घोषणापत्र
- मालमत्ता, देणी आणि गुन्ह्यांची माहिती देणारं घोषणापत्र
- शौचालय असल्याचा आणि वापरत असल्याचा दाखला
- घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला
- ठेकेदार नसल्याचं घोषणापत्र
- निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचं पासबुक
- अनामत भरल्याची पावती, पासपोर्ट फोटो

ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) दाखले घेताना अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. गावात दबाव असला की दाखला ‘उद्या या’वर जातो. लेखी अर्ज असेल तर तुम्हाला गटविकास अधिकाऱ्यांकडे जाता येतं.

८. अर्ज, छाननी, माघार

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून त्याची छापील प्रत सही करून तहसीलमध्ये द्यायची असते. शेवटचा दिवस टाळा. डिसेंबर २०२० मध्ये शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ इतकं मंदावलं की आयोगाला हाताने भरलेले अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली. दरवेळी तशी मुभा मिळेल असं धरून चालू नका.

नाव यादीत जसं आहे तसंच अर्जात लिहा. यादीत ‘बाळू’ आणि दाखल्यावर ‘बाळासाहेब’ असेल तर दोन्ही एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. एकही रकाना मोकळा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. एखादी चूक राहिलीच तर हाताशी असावा म्हणून दुसरा अर्जही भरून ठेवणं शहाणपणाचं.

छाननीला स्वतः जा, मूळ कागद घेऊन जा. हरकत आली तर शांतपणे उत्तर द्या आणि निर्णय लेखी मागा. माघारीच्या दिवशी दुपारपर्यंत फोन, पाहुणे, मामा, सासरे सगळ्यांकरवी दबाव येतो. घरच्यांशी आधीच बोलून ठेवलं असेल तर तो दिवस निभावतो. त्यानंतर चिन्हं मिळतात. म्हाताऱ्या मतदाराला सांगता येईल आणि रेखाचित्र पाहून ओळखता येईल असंच चिन्ह मागा.

९. प्रचार आणि खर्चाची वही

लहान प्रभागात सभा घेण्याची गरज नसते. प्रत्येक दारावर तीनदा जा : एकदा ओळख आणि ऐकून घ्यायला, एकदा चिन्ह सांगायला, एकदा मतदानाची आठवण द्यायला. द्राक्षाच्या छाटणीचे आणि कांदा लागवडीचे दिवस असतील तर सकाळी आठनंतर घरात कुणी भेटत नाही. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर जा.

खर्चाची मर्यादा सदस्यसंख्येवर ठरते. ७ आणि ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार आणि सरपंचाला ५० हजार, ११ आणि १३ मध्ये ३५ हजार आणि एक लाख, १५ आणि १७ मध्ये ५० हजार आणि पावणेदोन लाख अशी मर्यादा आयोगाने ठेवली होती. तुमच्या निवडणुकीची मर्यादा अर्ज घेतानाच तहसीलमधून लेखी घ्या. रोजचा खर्च रोज लिहा. ट्रू व्होटर या आयोगाच्या अॅपवर तो भरता येतो.

दारू, कोंबडी, पैठण्या, रोख पाकिटं या सगळ्याचं प्रमाण वाढलं आहे हे खरं. ‘समोरचे वाटतात, मग आपण काय करायचं’ हा प्रश्न प्रत्येक नवा उमेदवार विचारतो. माझं उत्तर ठाम आहे : वाटू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय त्या स्पर्धेत नवा माणूस कर्ज काढून उतरतो आणि पुढची पाच वर्षं ते कर्ज ग्रामपंचायतीच्या कामांतून वसूल करायला लागतो. लोक दोघांकडून घेतात आणि मत स्वतःच्या मनाने देतात, हे यादीतल्या आकड्यांशी निकाल ताडून पाहिल्यावर दिसतं.

१०. मतदानाचा दिवस

वेळ साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच असते. पक्की वेळ आयोगाच्या कार्यक्रमात पाहा. शहरात राहणाऱ्या मतदारांना आदल्या रात्रीच यायला सांगा. हंगामात कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं हा अवघड भाग. सुरगाणा-पेठकडचे मजूर द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीत येतात, तेव्हा त्यांचं मत गावी आणि ते इथे. त्यांचे मालक कोण हे माहीत करून घ्या आणि सुट्टीसाठी मालकाशी आधीच बोला. मतदारांना गाडीने आणून सोडणं मात्र नियमात बसत नाही, त्या फंदात पडू नका.

मतदाराला एक गोष्ट पुन्हा पुन्हा समजावा. यंत्रावर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी असते आणि प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबावं लागतं. कुणीच पसंत नसेल त्या जागेला नोटा दाबायचं. सगळी मतं पूर्ण झाल्याशिवाय लांब आवाज येत नाही. म्हातारी माणसं ओळखीचं एक चिन्ह दाबून बाहेर निघायला लागतात. कोऱ्या कागदावर चौकोन काढून घराघरात याचा सराव करून घ्या.

मतदान प्रतिनिधी म्हणून प्रभागातल्या प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखणारा माणूस बसवा. त्याच्याकडे तुमची पेन्सिलने भरलेली यादी द्या. दुपारी दोनला कोण आलं नाही हे त्या यादीवरून कळतं.

११. निकालानंतर

मोजणी तहसीलच्या ठिकाणी होते. मतं सारखी पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. निकालावर आक्षेप असेल तर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. ही मुदत उलटली की मार्ग बंद होतो.

जिंकलात किंवा हरलात, तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्या. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरतात. पुढच्या वेळी उभं राहायचं असेल तर हा हिशेब देऊन पोच फाइलला लावा. राखीव जागेवर निवडून आला असाल तर वैधतेसाठी समितीकडे दर महिन्याला पाठपुरावा करा.

पहिल्या सभेत उपसरपंचाची निवड होते. सूचना मिळाल्याची सही करताना तारीख आणि वेळ लिहा, कारण सभेला कोण आलं आणि कोण नाही यावरून पुढे वाद होतात. त्या सभेनंतर ग्रामपंचायतीचं चालू वर्षाचं अंदाजपत्रक, विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीच्या खात्याचा उतारा मागून घ्या. तुमच्या प्रभागातलं कुठलं काम आराखड्यात आहे आणि कुठलं नाही, ते लिहून घेऊन पहिल्या ग्रामसभेआधी वस्तीवर जाऊन लोकांना सांगा. आराखड्यात नसलेलं काम घालण्यासाठी त्या ग्रामसभेत ठराव मांडावा लागतो, आणि ठरावाला हात वर करायला वस्तीतली माणसं तिथे असावी लागतात.